देवींच्या साथीतली सभा

इथल्या मराठी मंडळींनी दोन-तीन वर्षांपूर्वी एक स्मरणिका काढली. गुळगुळीत कागद, पहिल्या पानावर घाटाचा रंगीत फोटो, आत काशीत पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या घराण्यांची माहिती. त्यात माझ्या वडिलांवर एक परिच्छेद आहे. देवीच्या साथीच्या वेळी दूधविनायकातल्या विद्वानांनी सभा भरवली, दोन्ही बाजू शांतपणे ऐकल्या आणि लस टोचून घेण्याच्या बाजूने निर्णय दिला. त्या सभेचे मध्यस्थ माझे वडील होते, असं त्यात छापलं आहे. पुढे असंही आहे की कोरोनाच्या लसीवरून आजचे लोक जसे भांडले तसे आपले पूर्वज भांडले नाहीत, त्यांनी विचार केला. मी आयुष्यभर हिशेबखात्यात नोकरी केलेली बाई आहे. परिच्छेदातला एकही शब्द खोटा नाही हे मी मान्य करते. निर्णय दिला हे खरं. तो कधी दिला, एवढंच त्यात नाही. ते कुठेतरी लिहिलेलं असावं म्हणून हे प्रकरण लिहिते आहे.

आकड्यांबद्दल आधीच सांगून टाकते. पन्नासएक वर्षांपूर्वीच्या त्या उन्हाळ्यात शहरात किती माणसं देवींनी गेली ते मला माहीत नाही. तेव्हाही कुणाला माहीत नव्हतं, कारण लोक आजारी माणूस लपवत होते. पानाच्या दुकानावर एक आकडा ऐकू यायचा, नळावर दुसरा, वर्तमानपत्रात तिसरा. कोरोनाच्या दिवसांतही मी हेच पाहिलं. मणिकर्णिका घाटावर चितेची लाकडं किती रचली जात होती ते मी गच्चीवरून पाहू शकत नव्हते, तरी रोज कुणीतरी मला फोनवर आकडा सांगायचं आणि दुसरं कुणीतरी तो खोटा असल्याचं सांगायचं. दोघंही घरातच बसलेले असायचे. म्हणून मी फक्त एका घराबद्दल लिहिते. ते आमचं होतं.

दूधविनायकाच्या गल्लीत आमचं घर तीन मजली, दगडी, मध्ये आभाळाकडे उघडा चौक. खालच्या मजल्यावर दोन खोल्या यात्रेकरूंसाठी. महाराष्ट्रातून गंगेवर श्राद्ध करायला, अस्थी घेऊन, कधी नुसतं दर्शनाला आलेली माणसं तिथे उतरत. मधल्या मजल्यावर अण्णा, म्हणजे माझे वडील, विद्यार्थ्यांना न्यायशास्त्र शिकवत. सकाळी मला जाग यायची ती त्यांच्या विद्यार्थ्यांच्या घोकण्याने. त्यात खालून नळाखाली ठेवलेल्या हंड्याचा आवाज मिसळायचा, आणि वर गच्चीवर माकडांनी पत्रा वाजवला की आई काठी घेऊन जिने चढायची. सकाळी गल्लीतून कचौडी यायची, पण जेवण मात्र अस्सल आमचं: वरण-भात, त्यावर तूप, चिंचगुळाची आमटी. तिची फोडणी पडली की खालचे यात्रेकरू विचारायचे, "काय हो, आज काय केलंय?" मी तेव्हा इंटरला होते. घरात आई-अण्णांशी मराठी, भावाशी अर्धी हिंदी, मैत्रिणींशी पूर्ण हिंदी.

भाऊ माझ्याहून दहा वर्षांनी मोठा, रेल्वेत गार्ड. कामावर गेला की दोन-दोन, तीन-तीन दिवस यायचा नाही. त्याची बायको सुमनवहिनी भुसावळच्या रेल्वे क्वार्टरमध्ये वाढलेली, सरळ बोलणारी, पण सासऱ्यांसमोर पदर सावरून आणि आवाज खाली ठेवून. आणि त्यांची मुलगी मंगला. मंगला गौरीला नवस करून झाली म्हणून ते नाव. आम्ही मंगी म्हणायचो. आठ महिन्यांची होती. खालचे दोन दात आले होते आणि ती ते प्रत्येक गोष्टीवर वापरून बघायची: झारा, अण्णांच्या खडावा, माझी वेणी. अण्णांच्या पाठाच्या वेळी ती रांगत मधल्या खोलीत जायची आणि विद्यार्थी मान खाली घालून हसायचे. अण्णा तिला उचलून मांडीवर ठेवून पाठ पुढे चालू ठेवत. माझे वडील प्रेमळ होते. पुढचं वाचताना हे विसरू नये.

घरात बाकी सगळ्यांना कधी ना कधी देवी टोचलेल्या होत्या. मंगी तेवढी राहिली होती. थंडीत टोचणारे आले तेव्हा तिला सर्दी होती. आई म्हणाली, पुढच्या खेपेला बघू.

होळीनंतर खालच्या खोलीत वर्ध्याकडचं एक जोडपं उतरलं. म्हाताऱ्या वडिलांच्या अस्थी घेऊन आले होते, सोबत दहा-अकरा वर्षांची मुलगी, कुसुम. पहिले दोन दिवस ती मंगीला कडेवर घेऊन चौकात फिरत होती. मग तिला ताप आला. मंगी तरी रांगत तिच्या खाटेपाशी जायची, आणि आम्हाला साधा ताप वाटत असल्याने तिला कुणी अडवलं नाही. मग एका सकाळी कुसुमच्या कपाळावर आणि हातांवर पुरळ दिसलं. तिची आई रडायला लागली. माझी आई रडली नाही. तिने कुसुमच्या खाटेसमोर हात जोडले आणि म्हणाली, "या आई, आलात तशा सौम्य राहा."

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना सांगायला हवं. आजाराला आजार म्हणायचं नाही. देवी आल्या, बसल्या, आणि मनात येईल तेव्हा जातील. दाराला कडुलिंबाच्या डहाळ्या. घरात तळण नाही, फोडणी नाही, कारण तेलाचा चुर्र आवाज आणि वास देवींना सोसत नाही. मोठ्याने बोलायचं नाही, केस विंचरायचे नाहीत, बाहेरच्याने आत यायचं नाही, आतल्याने शक्यतो जायचं नाही. अण्णांचे विद्यार्थी बंद झाले, आणि कामावर गेलेल्या भावाला तिकडेच राहायचा निरोप गेला. आदल्या दिवशीचा थंड भात, दही, भिजवलेली डाळ. घर असं गप्प झालं की नळाखालचा हंडासुद्धा आई हाताने धरून भरायची. आणि औषध नाही, सुई तर नाहीच. देवी घरात बसलेल्या असताना त्याच घरात कुणाला टोचणं म्हणजे पाहुणीच्या तोंडावर दार लावणं.

दुसऱ्याच दिवशी जीपमधून आलेला एक तरुण डॉक्टर गल्लीत चालत आमच्या दारापर्यंत पोहोचला. त्याच्या हातात पुरळ आलेल्या पोराचं चित्र छापलेलं कार्ड होतं. ते दाखवत तो घरोघर विचारत आला होता आणि कुणीतरी आमचं दार दाखवलं होतं. सोबत टोचणारी एक बाई, खांद्याला पेटी. आई उंबऱ्यात उभी राहिली.

"माताजी, घर में कोई ऐसा है जिसे कभी टीका नहीं लगा?"

"कोई नहीं," आई म्हणाली.

जिन्यावरून वहिनीचा आवाज आला. "है. मेरी बेटी."

आईने मागे वळून पाहिलं. डॉक्टरने ते पाहिलं, आणि तो घाईने बोलायला लागला. आज टोचलं तर बाळ वाचण्याची खूप आशा आहे, उद्या-परवापर्यंतसुद्धा आहे. त्यानंतर आपण काहीच सांगू शकत नाही. आई म्हणाली, देवी गेल्यावर या. तो म्हणाला, "तब आने का कोई मतलब नहीं, माताजी." एवढ्यात अण्णा जिना उतरून आले. डॉक्टरने त्यांना नमस्कार केला आणि सगळं पुन्हा सांगितलं. अण्णांनी पूर्ण ऐकलं. मला अजून त्यांचा चेहरा दिसतो. त्यावर काळजी होती, आणि काळजीच्या खालून हळूहळू दुसरं काहीतरी वर येत होतं, एखाद्या विद्यार्थ्याने अनपेक्षित शंका काढली की यायचं तसं.

"प्रश्न विचार करण्यासारखा आहे," ते म्हणाले. "घरात देवता उपस्थित असताना तिच्याच आजाराचा प्रतिबंध करावा का? आणि प्रतिबंध म्हणजे उपचार का? हे एकट्याने ठरवण्याचं नाही. डॉक्टर साहब, हम सभा बुलाते हैं."

डॉक्टरला वाटलं असावं की सभा म्हणजे तासाभराची गोष्ट. तो म्हणाला, "शाम तक बता दीजिए."

काशीत शास्त्रार्थ ही हौस आहे हे बाहेरच्यांना पटकन कळत नाही. दोन विद्वान समोरासमोर बसतात, एक मध्यस्थ असतो, आणि एका शब्दावरून दिवस जातो. ऐकायला पानवाले, नावाडी, दूधवाला, सगळे. कोण जिंकलं याच्यावर गल्लीत आठवडाभर बोलणं चालतं. आमच्या घरात देवी असल्याने सभा समोरच्या मठात भरली. खाली ओसरी, वर बायकांना बसायला सज्जा. विरोधी बाजूला वामनकाका, अण्णांचे जुने मित्र, वेदपाठी, शेजारच्याच घरातले. टोचण्याच्या बाजूने एक म्हातारे वैद्यबुवा. मध्यस्थ अण्णा. आतल्याने बाहेर जायचं नाही हा नियम अण्णांच्या बाबतीत कसा सैल झाला, ते मला कुणी सांगितलं नाही.

त्या संध्याकाळी वैद्यबुवा आणि वामनकाका 'औषध' कशाला म्हणावं यावर बोलले. रोग झाल्यावर देतात ते औषध, मग रोग होण्याआधी देतात ते काय? चर्चा रंगली. अण्णा घरी आले तेव्हा वहिनी जिन्याच्या तोंडाशी मंगीला घेऊन उभी होती.

"मामंजी, मी सकाळी हिला केंद्रावर घेऊन जाऊ का? जवळच आहे. टोचून लगेच येते."

"निर्णय होऊ दे, सूनबाई. उद्या होईल."

"तोपर्यंत उशीर झाला तर?"

"आपल्या घराने विचारलेला प्रश्न आहे," अण्णा म्हणाले. "उत्तर येण्याआधी आपणच उठून गेलो तर सभेला काय अर्थ राहिला?"

सकाळी वहिनीने तरीही मंगीला शालीत गुंडाळलं आणि खाली उतरली. आई दारात पाट टाकून बसली होती. "माझी दोन गेली आहेत, सुमन," ती म्हणाली. "एक याच देवींनी. तेव्हा मी त्यांचं काही मोडलं होतं, म्हणून गेलं. आता मोडू देणार नाही. जायचं तर मला ओलांडून जा." वहिनी सासूला ओलांडून गेली नाही. तिच्या जागी मीही गेले नसते. मला आज आईचा राग येत नाही. आईला भीती होती. अण्णांना भीती नव्हती. अण्णांना रस होता.

दुसऱ्या दिवशी सभेत प्रश्न निघाला की ज्या मुलीचं उष्टावण झालेलं आहे ती घराच्या व्रतात मोडते की नाही. तिसऱ्या दिवशी एकादशी, म्हणून सभा नव्हती. हे मी पुन्हा लिहिते: एकादशी होती म्हणून सभा नव्हती. त्या दिवशी अण्णांनी उपासाचं रताळं खाल्लं आणि मंगीला मांडीवर घेऊन बराच वेळ तिच्याशी खेळले. चौथ्या दिवशी दरभंग्याकडचे एक थोर पंडित सभेला आले, आणि त्यांच्या मानासाठी सगळा वाद पहिल्यापासून पुन्हा मांडला गेला. डॉक्टर रोज गल्लीच्या तोंडाशी येऊन विचारायचा. चौथ्या संध्याकाळी पानवाल्याने त्याला सांगितलं की आत्ता कुठे मजा यायला लागली आहे: "अरे डाक्टर साहब, अबहीं त मजा आवे लगल ह." डॉक्टर त्यानंतर आला नाही. त्याला दुसऱ्या मोहल्ल्यात पाठवलं होतं.

पाचव्या दिवशी निर्णय झाला. अण्णांनी फार सुंदर समारोप केला असं सगळे म्हणाले. निर्णय ऐकायला आईने वहिनीला आणि मला समोर जाऊ दिलं होतं; सज्जात मलाही तेव्हा अभिमान वाटला, हे खरं आहे म्हणून लिहिते. संकटात नियम सैल होतात, बालकाचं रक्षण हीच देवीची सेवा, टोचावं. वामनकाकांनी उठून अण्णांना मिठी मारली. दोघांनाही हार घातले. मठाने सगळ्यांना थंडाई दिली. वहिनीने तिथे उभ्याउभ्याच टोचणाऱ्या बाईला निरोप पाठवला, आणि दुसऱ्या सकाळी बाई आली तेव्हा आईने पाट बाजूला घेतला. मंगीने सुई पाहून ती खायला तोंड पुढे केलं.

कुसुम बरी झाली. तोंडावर खड्डे राहिले, पण बरी होऊन आईवडिलांबरोबर गावी गेली. त्या दोघांना निरोप देताना आईने मुलीची ओटी भरली. आम्ही फोडणी घालायला लागलो. विद्यार्थी परत आले. मग मंगीला ताप आला.

तो सगळा आजार मी इथे मांडणार नाही. आठ महिन्यांचं मूल आणि ते पुरळ. भाऊ रजा घेऊन आला होता. त्याने आणि वहिनीने तिला कडुलिंबाच्या पाल्यावर झोपवून आळीपाळीने वारा घातला, कारण तिला हात लावला की ती ओरडायची, आणि पुढे ओरडायचीही नाही. ती सकाळी गेली. देवींनी गेलेल्याला जाळत नाहीत. जाळलं तर देवीलाच जाळलं असं होतं. म्हणून अण्णा आणि भाऊ पंचगंगा घाटावरून नाव करून तिला घेऊन मधल्या धारेत गेले. बायका घाटापर्यंतही गेल्या नाहीत. भाऊ परत आला तेव्हा त्याच्या सदऱ्याला दगडाचा ओला डाग होता.

इथवर जे झालं ते उशिराने झालं. पुढे जे झालं ते मला त्याहून सोसवत नाही.

चार दिवसांत गल्लीत एक वाक्य फिरायला लागलं. आधी ते नळावर ऐकू आलं: "शास्त्रीजी की पोती को टीका लगा, तभी माता बिगड़ गईं." मग मराठी घरांतून: टोचलं म्हणून गेली. बरोबरच दिसत होतं. टोचलं नव्हतं तोवर मूल हसत-खेळत होतं, टोचलं आणि काही दिवसांत देवी आल्या. ज्या कुसुमला कुणी टोचलं नाही ती वाचली. टोचणाऱ्या बाईला पाहून लोक दारं लावायला लागले. एकीने वरून राखेचं पाणी ओतलं. आणि या सगळ्याचं खापर एका माणसावर फुटलं. सुनेने हट्ट धरला. रेल्वे कॉलनीतली, तिला काय कळणार. निरोप तिनेच पाठवला ना? आईसुद्धा तिच्याशी बोलेनाशी झाली. वहिनी नळावर गेली की बायका आपली भांडी बाजूला घ्यायच्या.

मंगीला देवी लागल्या त्या कुसुमकडून, आणि आम्हाला वेळेत सांगितलं होतं. टोचलं ते वेळ गेल्यावर. एवढा साधा हिशेब कुणी करत नव्हतं. कोरोनात लस घेतल्यावर आठवड्याने आजारी पडलेल्या शेजाऱ्याबद्दल मी तेच वाक्य तसंच्या तसं ऐकलं, तेव्हा माझा जावई म्हणाला, "आई, तुम्ही एवढ्या का चिडता? लोक बोलतात." लोक बोलतात, आणि ते ऐकून तिसऱ्याच घरातलं मूल टोचायचं राहतं.

वामनकाकांनी सभा पुन्हा बोलावली. प्रश्न: टोचल्याने देवीचा कोप झाला का, आणि झाला असेल तर या गल्लीत यापुढे टोचू द्यावं का. त्यांच्या स्वतःच्या घरात सुनेचं तीन महिन्यांचं बाळ होतं. आणि मध्यस्थ म्हणून पुन्हा अण्णांनाच बोलावलं. मला वाटलं होतं ते नाही म्हणतील. अण्णांनी धुतलेलं उपरणं घेतलं आणि गेले.

वैशाखाचा उकाडा. ओसरीत सगळे उघड्या अंगाने, उपरणी गुंडाळून मांडीवर ठेवलेली. मी वहिनीबरोबर सज्जात होते. ती का आली ते तिने मला सांगितलं नव्हतं. वामनकाका म्हणाले, डोळ्यांनी दिसतं त्याला आणखी पुरावा कशाला? आधी सुई, मग कोप. यावर अण्णांनी बोलायला सुरुवात केली, आणि ते बरोबर बोलत होते, हे मला त्या क्षणीही कळत होतं. एकामागून दुसरं घडलं म्हणून पहिलं दुसऱ्याचं कारण ठरत नाही. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मग ते सावरून बसले, बोटं जुळवली, पाठात सुरुवात करताना करत तशी, आणि म्हणाले, "दृष्टान्त घेऊ. समजा, एक बालिका आहे. वय आठ महिने."

माझ्या शेजारून वहिनी उठली. जिना उतरून ती ओसरीत गेली. तिथे बाई कधी गेलेली नव्हती, त्यामुळे तिला अडवायचं कसं हेही कुणाला सुचलं नाही.

"समजा कशाला, मामंजी?" ती म्हणाली. "होती."

अण्णांची बोटं तशीच राहिली. वामनकाका म्हणाले, "सूनबाई, तुझं दुःख आम्हाला कळतं. पण सभा चालू आहे."

"काका, तुमचा डावा दंड बघू."

"काय?"

"दंड. इकडे करा."

दाखवा, काय बिघडतंय, अशी मागून पानवाल्यानेही री ओढली: "दिखावा गुरू, का बिगड़त बा." दोघं-तिघं हसले. वामनकाकांनी नकळत मान वळवून स्वतःच्या दंडाकडे पाहिलं. तिथे दोन गोल वण होते, जुने, रुपयाएवढे, मधे खोलगट. वहिनीने वैद्यबुवांकडे पाहिलं, मग दरभंग्याच्या पंडितांकडे, मग एकेकाकडे, आणि ती जिकडे बघेल तिकडे आम्ही वरून बघत गेलो. उघड्या अंगाची ती सगळी सभा. मी एरवी मोजल्याशिवाय राहत नाही. त्या दिवशी मोजायची गरज पडली नाही, कारण वण नसलेला दंड मला एकही दिसला नाही. अण्णांचाही नाही.

"आमच्या लहानपणी आईवडिलांनी टोचून आणलं," वामनकाका म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. "त्यात आमचा काय दोष?"

"दोष नाही. तुम्ही जिवंत आहात," वहिनी म्हणाली. "त्यांनी सभा भरवली नव्हती."

ती अण्णांकडे वळली. "डॉक्टरांनी सांगितलं होतं दोन दिवस. तुम्ही पाच घेतलेत. मंगी सुईने गेली नाही आणि देवीच्या रागानेही गेली नाही. तुमचं बोलणं संपेपर्यंत तिला थांबवलं, म्हणून गेली. हे सभेला कळलं तर बरं, नाहीतर गल्लीत माझं नाव चाललंय ते चालू दे."

ती निघून गेली. सभेचा निर्णय झाला नाही. कुणी उठा म्हणालं नाही, पण एकेक जण आपली पादत्राणं शोधायला लागला. अण्णा सगळ्यात शेवटी घरी आले. माझी अपेक्षा होती की ते वहिनीजवळ काही बोलतील. त्यांनी पाणी मागितलं, आणि ते पिऊन म्हणाले, "मुद्दा योग्य होता, पण मांडण्याची जागा ती नव्हे." एवढंच. पुढे ते खूप वर्षं जगले, आणि या विषयावर त्यांनी माझ्याजवळ यापेक्षा जास्त शब्द काढला नाही. स्मरणिकेसाठी माहिती देणाऱ्या त्यांच्या विद्यार्थ्यालाही त्यांनी कधीतरी फक्त पहिला निर्णय सांगितला असणार.

दुसऱ्या दिवशी टोचणारी बाई गल्लीच्या तोंडाशी आली आणि राखेच्या पाण्याची आठवण असल्याने तिथेच उभी राहिली. वहिनी चपला घालून खाली उतरली. आई दारात होती. पाट नव्हता. मी वहिनीच्या मागे गेले. ज्या घरात न टोचलेलं मूल होतं त्या प्रत्येक दारावर वहिनीने कडी वाजवली आणि प्रत्येक ठिकाणी तेच सांगितलं, कुठे मराठीत, कुठे हिंदीत: मी मंगीची आई. माझी मुलगी उशीर झाला म्हणून गेली. तुम्हाला अजून झालेला नाही. काही दारं उघडली नाहीत. एका दारातून एक म्हातारी म्हणाली, तुझी सावली नको, आणि वहिनी पुढच्या दाराकडे गेली. काहींनी मुलं बाहेर आणली.

वामनकाकांच्या घरी ती कडी वाजवणार नाही असं मला वाटलं होतं. तिला वाजवावी लागलीच नाही. दार अर्धं उघडं होतं आणि त्यांची सून तान्ह्या बाळाला घेऊन आडोशाला उभी होती, झबल्याची बाही आधीच वर सरकवलेली. तिने गल्लीत दोन्हीकडे पाहिलं.

"लवकर करा," ती हळूच म्हणाली. "मामंजी गंगेवरून यायच्या आत."

वहिनीने बाळाचा दंड घट्ट धरला.